न्यूट्रल वाचवणाऱ्यांनो, हिशेब द्या

पोस्ट मोठी आहे. पण तुमचं मूल आश्रमशाळेत, वसतिगृहात नाहीतर अंगणवाडीत जात असेल तर शेवटपर्यंत वाचा. विषय विजेच्या केबलचा आहे, पण समजायला इंजिनिअर असायची गरज नाही.

मी वायरमन आहे. आयटीआय करून बाहेर पडलो त्याला 22 वर्षं झाली. जव्हार आणि मोखाडा हे माझे दोन तालुके. खोडाळा, सूर्यमाळ, घाटातले पाडे, सगळीकडे माझी शिडी फिरली आहे. कुडाच्या भिंतीवर पट्टी ठोकण्यापासून मोठ्या इमारतींचे पॅनल बसवण्यापर्यंत सगळी कामं केली. त्यामुळे आज जे लिहितोय ते कुणाकडून ऐकलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका वसतिगृहातून फोन आला. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. तक्रार साधी होती, "लाइट मंद-तेज होतात." मी आणि माझा भाचा गेलो. मीटरच्या खोलीतून मागच्या इमारतीकडे एक फोर कोर केबल गेली होती. मध्ये भिंतीवर, पागोळ्यांच्या खाली, एक जॉइंट बॉक्स. मी लाइटचा एमसीबी पाडला. भाच्यानं शिडीवर चढून बॉक्स उघडला, काळ्या वायरीला टेस्टर लावला. पेटला नाही.

"मामा, न्यूट्रलचा जॉइंट जळालाय. खोलू?"

मी म्हणालो, "खोल."

त्यानं जॉइंट सोडवला आणि दुसऱ्या क्षणी तो खाली होता. शिडीवरून पडला म्हणून वाचला, चिकटला असता तर संपला असता. मनगट मोडलं. आज तो बरा आहे, पण पाना अजून नीट पकडता येत नाही. ते "खोल" मी म्हणालो होतो, हे मी रोज आठवतो.

आता काय झालं होतं ते सांगतो. त्या एका केबलमधून तीन सर्किटं नेली होती. लाल कोर लाइटला, पिवळी प्लगला, निळी पाण्याच्या पंपाला. आणि तिघांनाही परतीची वाट एकच, ती काळी कोर. अर्थिंगला कोर उरलीच नव्हती. मी लाइट बंद केले होते, पण पंप चालू होता. पंपाचा करंट त्याच काळ्या वायरीतून परत येत होता. जॉइंट जोडलेला होता तोवर त्या वायरीवर व्होल्टेज जवळजवळ शून्य, म्हणून टेस्टर पेटला नाही. जॉइंट सुटला तशी परतीची वाट तुटली आणि पंपाच्या बाजूचं टोक पंपातूनच 230 व्होल्टवर आलं. ते टोक भाच्याच्या बोटांत होतं.

म्हणजे सर्किट बंद होतं, टेस्टर लावून बघितला होता, तरी माणूस पडला. शाळेत शिकवलेली काळजी घेऊनसुद्धा ज्या वायरिंगमध्ये माणूस मरू शकतो, ती वायरिंग करणाऱ्याला काय म्हणायचं? आमच्याकडे म्हणतात "काटकसरी". एका सर्किटाला एक न्यूट्रल द्यायचा, त्याऐवजी तिघांत एक दिला. दोन कोर वाचल्या.

आता कुणी म्हणेल, मग कायद्यानं एका केबलमध्ये अनेक सर्किटं नेणं बंदच करा. थांबा. हे मला मान्य नाही आणि कोडलाही मान्य नाही. आपल्याकडे वायरिंगचं भारतीय मानक आहे, आयएस 732. त्याची 1989 ची आवृत्ती जाऊन 2019 ची आली, आणि ती आंतरराष्ट्रीय आयईसी 60364 च्या धर्तीवर आहे. त्या पद्धतीत एका पाइपातून किंवा एका केबलमधून अनेक सर्किटं न्यायला परवानगी आहे. पण त्या परवानगीला अटी आहेत.

पहिली अट इन्सुलेशनची. त्या केबलमध्ये जे सर्वांत जास्त व्होल्टेज असेल ते सोसण्याइतकं इन्सुलेशन प्रत्येक वायरीला हवं. बेलची किंवा टेलिफोनची बारीक वायर 230 च्या वायरीसोबत कोंबायची नाही.

दुसरी अट अशी की एका सर्किटाच्या वायरी वेगवेगळ्या केबलांत वाटायच्या नाहीत. फेज एका केबलमधून आणि न्यूट्रल शेजारच्या केबलमधून, हे चालत नाही.

तिसरी अट न्यूट्रलची, आणि सगळा खेळ इथेच आहे. प्रत्येक सर्किटाचा न्यूट्रल स्वतंत्र हवा. थ्री फेजमध्ये तीन फेजना मिळून एक न्यूट्रल ठेवायची सवलत आहे, पण तिथे कुठली वायर कुणाची हे ओळखू आलं पाहिजे आणि सगळ्या जिवंत वायरी एकदम तोडणारा एकच स्विच हवा. एकाच फेजवरच्या तीन सर्किटांना एक न्यूट्रल, या प्रकाराला ही सवलत लागू नाही.

चौथी अट गरमीची. सर्किटं एकत्र बांधली की एकमेकांना तापवतात, म्हणून केबलची क्षमता कमी धरायची. एकाला पूर्ण, दोन असतील तर 0.80, तीन असतील तर 0.70, चार असतील तर 0.65.

आता त्या वसतिगृहाचा हिशेब मांडा. तांब्याची 2.5 स्क्वेअरची कोर. एकटं सर्किट असेल तर साधारण 24 अँपिअर धरू. तीन सर्किटं एकत्र म्हणून 0.70 नं गुणलं की 17 च्या खाली आलं. फेजला एमसीबी होते 6, 16 आणि 16 चे. त्यांची बेरीज 38. तिन्ही एकाच फेजवर, म्हणजे सगळं चालू असताना तिघांचा करंट त्या एका काळ्या कोरमध्ये जमा होणार. कोर सोसते 17, आणि 38 पर्यंत करंट गेला तरी एकही एमसीबी पडणार नाही, कारण प्रत्येक एमसीबी फक्त आपल्या फेजकडे बघतो. न्यूट्रलकडे बघणारं कुणीच नाही. तो जॉइंट का जळाला होता ते कळलं?

थ्री फेजवर तीन सर्किटं असली तर न्यूट्रलमधला करंट बराचसा एकमेकांत वजा होतो हे खरं. पण तिथे न्यूट्रल तुटला की दोन फेजांच्या मधलं 400 व्होल्टचं व्होल्टेज उपकरणांमध्ये वाटलं जातं आणि कमी भाराच्या बाजूला जास्त व्होल्टेज येतं. "अचानक सगळे बल्ब फुटले, टीव्ही गेला" ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तेव्हा लोक लाईनमनला शिव्या घालतात. बऱ्याचदा दोष असतो तुटलेल्या न्यूट्रलचा.

आता खरी गंभीर गोष्ट. त्या पॅनलमध्ये आरसीसीबी बसवलेला होता. टेंडरमध्ये होता, बिलात होता, भिंतीवरही होता. पण त्याच्या वरून खाली एक लूप मारून तो आंधळा केला होता. विचारलं तर म्हणाले, "सारखा पडायचा, पोरं अंधारात राहायची, म्हणून आधीच्या माणसानं बायपास केला."

का पडायचा? आरसीसीबी फक्त एक काम करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे मोजतो. 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडतो. कारण जो करंट परत आला नाही तो कुठेतरी जमिनीत गेला, कदाचित एखाद्या पोराच्या अंगातून. इथे पंपाचा फेज घेतला होता आरसीसीबीच्या आधीून आणि न्यूट्रल परत आणला होता आरसीसीबीतून. पंप सुरू झाला की फरक दिसणारच, तो पडणारच. आरसीसीबी खरं बोलत होता, "तुमच्या वायरी एकमेकांत मिसळल्यात." खरं बोलणाऱ्याचं तोंड बांधलं आणि दिवे चालू ठेवले.

शहरात कुणी म्हणेल, आरसीसीबी नसला तरी अर्थिंग आहे ना, एमसीबी पडेल. आमच्याकडे पडणार नाही. जव्हार-मोखाडा म्हणजे कातळ. दोन-तीन फुटांवर पहार टणकन वाजते. मीठ-कोळसा घालून खड्डा केला तरी मे महिन्यात तो कोरडा ठाक पडतो. समजा अर्थिंगचा रोध 50 ओहम आहे. 230 भागिले 50 म्हणजे 4.6 अँपिअर. एवढ्या करंटला 16 चा एमसीबी हलतही नाही. पंपाची बॉडी, गिझरची टाकी, लोखंडी कपाट, सगळं 230 व्होल्टवर तसंच उभं राहील आणि कुणाचा तरी ओला हात लागायची वाट बघेल. कातळावर राहणाऱ्या माणसाला आरसीसीबीच वाचवू शकतो. आणि साझा न्यूट्रल पहिला बळी आरसीसीबीचा घेतो. म्हणून मी म्हणतो, आमच्याकडे दोन कोर वाचवणं म्हणजे नुसती फसवेगिरी नाही, जिवाशी खेळ आहे.

यात गंमत बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत गळती तोडणारं उपकरण सक्तीचं केलं, पण 250 व्होल्टपर्यंतच्या 5 किलोवॅटखालच्या जोडण्यांना सूट दिली. म्हणजे बंगल्याला सक्ती आणि झापाला सूट. ज्याच्या घरात शेणानं सारवलेली ओली जमीन, पत्र्याचं छप्पर आणि अनवाणी माणसं, त्याला सूट! 2010 चे नियम जाऊन 2023 चे आले. पण पाड्यावर जाऊन बघा, किती घरांत आरसीसीबी दिसतो? माझ्या हातून गेलेल्या पाड्यांवरच्या घरांत तो बोटावर मोजण्याइतका.

सप्टेंबर 2017 मध्ये सौभाग्य योजना आली. घराला जोडणी, मीटर, एक पॉइंट आणि एक एलईडी दिवा. चांगलं झालं, मी स्वतः त्या कामांवर राबलोय, पहिला दिवा लागल्यावर म्हातारीनं मीटरला हळदकुंकू लावलेलं बघितलंय. पण एका दिव्यासाठी दिलेल्या त्या एका पॉइंटवर आज काय काय आहे? मोबाइल, टीव्ही, मिक्सर, पंखा, पाणी तापवायचा रॉड, आणि दोन कोरच्या वायरीनं जोडलेलं भावाचं शेजारचं घर. सरकारी कामांच्या तपशिलात दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटला 10 पॉइंट किंवा 800 वॅटची मर्यादा असते. पाण्याचा एक रॉडच हजार वॅटच्या पुढे जातो. लोकांचा दोष नाही. एक पॉइंट देऊन सरकार निघून गेलं, दुसरा पॉइंट कसा घ्यायचा हे सांगायला कुणी आलं नाही.

आमचा बोहाडा घ्या. माझे आजोबा सांगायचे, टेंभ्यांच्या उजेडात सोंगं नाचायची. आता हॅलोजन, साउंड, मंडपाची माळ, चहाच्या टपरीची मोटर, सगळं एका लांब केबलवर, एका न्यूट्रलवर, जॉइंटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. रात्रभर हजारो माणसं त्या केबलवरून येजा करतात. देवीची कृपा म्हणून अजून निभावलंय. पण देवीनं आपल्याला अक्कलही दिली आहे.

आता "पैसे कुठून आणायचे" या मुद्द्याकडे येतो. हे मला नेहमी ऐकवलं जातं. तेव्हा मी विचारतो, इमारतीच्या रंगाला पैसे होते, कमानीला होते, उद्घाटनाच्या फलकावरच्या नावांना होते, आणि तीन सर्किटांना तीन न्यूट्रल द्यायला नव्हते? जास्तीची केबल इमारतीच्या एकूण खर्चात कुठे हरवते ते दिसतसुद्धा नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. एस्टिमेट करणाऱ्यानं सर्किटांचा नकाशा काढलेलाच नसतो. "पॉइंट वायरिंग, इतके नग" एवढंच लिहिलेलं असतं. ठेकेदार काम पोटठेकेदाराला देतो, तो आमच्यासारख्याला रोजावर बोलावतो. केबलचं बंडल आधीच आणलेलं असतं, फोर कोर. "यातच बसव," असं सांगतात. आणि आम्ही बसवतो.

हो, आम्ही. मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. नियम सांगतो की वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत झालं पाहिजे आणि वीज जोडण्याआधी इन्सुलेशनची चाचणी झाली पाहिजे. 500 व्होल्टचा मेगर लावायचा, एक मिनिट, रीडिंग किमान 1 मेगओहम आलं पाहिजे. त्याचा चाचणी अहवाल द्यायचा. मी किती अहवाल चहाच्या टपरीवर भरताना पाहिले आहेत! मेगर गाडीतसुद्धा नसतो आणि रीडिंगच्या रकान्यात आकडे सुरेख भरलेले. तरुणपणी दोनदा तसल्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. आज लाज वाटते. भाच्याचं मनगट मोडल्यावर वाटायला लागली, त्याआधी वाटायला हवी होती.

देशात दरवर्षी विजेच्या धक्क्यानं 12 ते 13 हजार माणसं मरतात, असं गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात. पुरात, वादळात माणसं मेली की मंत्री येतात. शॉक लागून मेला तर गावात एकच वाक्य, "त्याचं मरण तिथंच लिहिलं होतं." लिहिलं नव्हतं. एस्टिमेटमध्ये जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नव्हतं म्हणून मेला. वीज कायदा 2003 चं कलम 161 सांगतं की विजेच्या अपघातात माणूस किंवा जनावर दगावलं तर त्याची सूचना द्यायची असते आणि विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. आपल्याकडे किती घरांनी ही चौकशी मागितली? बैल मेला तरी मागता येते, हेच माहीत नाही.

मग करायचं काय? नुसतं रडून उपयोग नाही. माझ्या मागण्या सरळ आहेत.

1. शाळा, वसतिगृह, अंगणवाडी, दवाखाना, ग्रामपंचायत, कुठेही प्रत्येक सर्किटाला स्वतंत्र न्यूट्रल आणि सोबत अर्थिंगची वायर. एका केबलमध्ये अनेक सर्किटं न्यायची असतील तर जरूर न्या, पण कोर तेवढ्या मोजून घ्या, क्षमता कमी धरा, दोन्ही टोकांना नंबर लावा आणि सगळं एकदम बंद करणारा एक स्विच ठेवा.

2. इन्व्हर्टर किंवा सोलरची लाईन मेनच्या केबलमध्ये घालू नका. आमच्याकडे पावसात लाइट जाते म्हणून जिथे तिथे इन्व्हर्टर आहेत. खांबावरून पुरवठा बंद केला तरी अशी केबल जिवंत राहते. वायरमनला ते दिसत नाही.

3. जिथे मुलं राहतात तिथे भार कितीही असो, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बायपासची लूप सापडली तर ती कुणी मारली याची चौकशी करा.

4. चाचणी अहवालाची प्रत पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तारीख, मेगरचं रीडिंग, परवाना क्रमांक आणि सर्किटांचा नकाशा. वाचता येईल अशा मराठीत.

5. काम होण्याआधी नकाशा, काम झाल्यावर चाचणी. अहवालाशिवाय बिल नाही.

ह्या गोष्टी कोण करून घेणार? कुणी साहेब येऊन करणार नाही. पण आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, इथे पेसा लागू आहे. 1996 च्या पेसा कायद्यात लिहिलं आहे की पंचायतीनं विकासकामांवर निधी खर्च केला तर त्याच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. हा दाखला आपण डोळे झाकून देतो. हजेरीच्या वहीत अंगठे, सह्या, झालं. पुढच्या ग्रामसभेत एकानं उठून एवढंच म्हणायचं, "अंगणवाडीच्या वायरिंगचा चाचणी अहवाल वाचून दाखवा, मग दाखल्याचं बघू." बघा किती खुर्च्या हलतात. आणि जी कामं पंचायतीच्या निधीतली नाहीत, त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. अर्ज करायचा, चाचणी अहवालाची प्रत मागायची. एका कागदाचा अर्ज आहे.

आणि आत्ताच करायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या पीएम-जनमनमधून कातकरी बांधवांची घरं उभी राहताहेत, घरकुलांच्या भिंती चढताहेत. भिंत ओली आहे तोवर पाइप घालता येतो. प्लास्टर झाल्यावर जो न्यूट्रल विसरला तो विसरला, मग वीस वर्षं ते घर तसंच.

माझ्या वायरमन भावांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. "मालकानं केबल दिली तेवढीच होती" हे उत्तर पुरे झालं. फोर कोरमध्ये तीन सर्किटं बसव म्हणाले तर दोन बसवा किंवा काम सोडा. एक रोज बुडेल, बुडू द्या. आणि दुसऱ्याचं जुनं काम उघडताना एक एमसीबी पाडून समाधान मानू नका, मेन पाडा. न्यूट्रलचा जॉइंट सोडवायच्या आधी त्यातून करंट जातोय का ते क्लॅम्प मीटरनं बघा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं समजू नका. हे मी भाच्याला शिकवायला हवं होतं. आता तुम्हाला सांगतोय.

त्या वसतिगृहाची केबल आम्ही बदलली. प्रत्येक सर्किटाला आपला न्यूट्रल, अर्थिंग वेगळं, आरसीसीबीची लूप काढून टाकली. पंप चालू केला, आरसीसीबी पडला नाही. टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. तिथली चौथीतली एक मुलगी बघत उभी होती. तिनं विचारलं, "काका, बिघडला का?"

म्हटलं, "नाही बाय, आत्ता चालू झाला."

तुमच्या गावातल्या शाळेचं पॅनल या आठवड्यात उघडून घ्या, जाणत्या माणसाकडून. काय दिसलं ते लिहा, फोटो टाका. पटलं तर पुढे पाठवा. माझं नाव काढून पाठवलं तरी चालेल.